उजव्या हातावरचं ऊन

कोल्हापुरातून सकाळी आठला पुण्याला निघालं, की गाडीचं तोंड उत्तरेला असतं आणि उगवतीचं ऊन उजव्या खिडकीतून येतं. दुपारी तीनला परत फिरलं की तोंड दक्षिणेला, आणि मावळतीचं ऊनही उजवीकडूनच. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे दोन्ही खेपांना ऊन पडतं ते त्याच्याच उजव्या हातावर आणि उजव्या गालावर.

माझी थोरली बहीण कामानिमित्त आठवड्यातून एकदा तरी ही खेप करते. तिला ल्युपस आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते, आणि अनेक रुग्णांमध्ये उन्हातले अतिनील किरण आजार उसळायला पुरेसे ठरतात. एप्रिल-मेमध्ये ताई पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे घालूनच स्टिअरिंगला हात लावते. तिच्यामुळे मी गाडीच्या काचांबद्दल वाचायला लागलो, आणि जे कळलं त्यामुळे एका मागणीला माझा ठाम विरोध आहे.

बंद गाडीत एखादा गंभीर गुन्हा घडला, की काचांचे नियम आणखी कडक करा, राज्याने स्वतंत्र कायदा करून काचेवर चिकटवायचा पातळ पापुद्रा, म्हणजे फिल्म नावाचा प्रकारच बंद करावा, असं लोक बोलू लागतात. त्यामागची भीती खरी आहे, ती मी हलक्यात घेत नाही. पण भीती आहे ती काळोखाची, आणि अशा कायद्याने ऊन अडवणारी पारदर्शक फिल्मही त्याच बंदीत सापडते. काचेचा काळेपणा वेगळा आणि तिची ऊन अडवण्याची ताकद वेगळी.

जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेचे ढोबळमानाने शंभर भाग धरा. त्यातले पाचेक भाग अतिनील किरणांचे, पंचेचाळीसच्या आसपास डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचे, आणि उरलेले सुमारे पन्नास भाग अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड (आयआर) किरणांचे. म्हणजे उन्हाची जवळजवळ निम्मी ऊर्जा आपल्याला दिसतच नाही, फक्त जाणवते.

कशी जाणवते, हे ज्याने गुऱ्हाळ पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. थंडीच्या पहाटे चुलवाणाच्या तोंडासमोर उभं राहिलं की चेहरा भाजतो आणि पाठ गारठलेलीच राहते. मधली हवा गारच असते. तेवढ्यात चिपाडाचा भारा घेऊन कुणी मधून गेलं, की क्षणभर चेहऱ्यावरची धग नाहीशी होते. ती धग हवेतून वाहत आलेली नसते, ती किरणांनी सरळ आलेली असते, म्हणून आडोसा आला की तुटते. गाडीच्या काचेकडून आपल्याला असाच आडोसा हवा आहे: दिसणारा प्रकाश आत सोडणारा आणि न दिसणारी धग अडवणारा.

साधी काच हे काम अर्धवटच करते. समोरची काच दोन थरांची असते. अपघातात तुकडे उडू नयेत म्हणून दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा दाबून बसवलेला असतो आणि हा पापुद्रा अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवतो. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत एकेरी, भट्टीत तापवून कडक केलेल्या असतात. त्या अतिनील-बी, म्हणजे त्वचा लाल करणारे किरण अडवतात, पण अतिनील-ए बऱ्याच प्रमाणात आत सोडतात. २०१६ मध्ये अमेरिकेत २९ गाड्यांच्या काचा मोजलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. समोरच्या काचा सरासरी ९६ टक्के अतिनील-ए अडवत होत्या. चालकाच्या बाजूच्या काचांची सरासरी होती ७१ टक्के, आणि गाडीगणिक हा आकडा ४४ पासून ९६ पर्यंत बदलत होता. गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, एअरबॅग मोजतो, पण हा आकडा कुणी विचारत नाही.

अतिनील-ए त्वचेत खोलवर जातात आणि त्यांचा परिणाम वर्षानुवर्षं साचत राहतो. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापला गेला होता. त्याने २८ वर्षं मालवाहू ट्रक चालवला होता. चेहऱ्याची खिडकीकडची बाजू जाड झालेली, खोल सुरकुत्यांनी भरलेली, आणि दुसरी बाजू तिच्यापेक्षा कितीतरी तरुण. त्याची खिडकी डावीकडे होती. आपल्या महामार्गावरच्या चालकांची उजवीकडे असते.

गाडीच्या काचेकडे कडेने पाहिलं तर ती हिरवट दिसते. ही करामत काचेतल्या लोहाची. लोहाचे आयन दोन रूपांत असतात. एक रूप अवरक्त किरण शोषतं, दुसरं अतिनील. म्हणून लोहाचं प्रमाण वाढवलेली हिरवी काच थोडी जास्त थंड राहते. पण काचेने शोषलेली उष्णता काचेतच साठते, काच तापते आणि मग ती दोन्ही बाजूंना उष्णता सोडते. गाडी पळत असेल तर बाहेरचा वारा त्यातली बरीचशी ओढून नेतो. दुपारी रंकाळ्याच्या काठाला उभी केलेली गाडी मात्र तापतच राहते. उभ्या गाड्यांवरच्या एका अमेरिकन अभ्यासात तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढलं, आणि त्यातली ८० टक्के चढ पहिल्या अर्ध्या तासातली होती. काच बोटभर उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. लहान मुलाला ‘दोनच मिनिटं’ म्हणून गाडीत ठेवून जाणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा.

आता फिल्मकडे येऊ. सगळ्यात स्वस्त असते ती रंग दिलेली. ती दिसणारा प्रकाश अडवते, अवरक्त फारसं नाही, आणि काही वर्षांत जांभळी पडून फुगे धरते. धातूचा अतिसूक्ष्म थर दिलेली फिल्म किरण परावर्तित करते, पण रेडिओलहरींनाही आड येते. समोरच्या काचेवर ती असेल तर टोलनाक्यावर फास्टॅग वाचताना अडचण येऊ शकते. कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये नव्या गाड्यांना उष्णता अडवणाऱ्या काचा सक्तीच्या करायचं ठरवलं होतं. मोबाइल आणि जीपीएसच्या लहरी अडतील या शंकेमुळे २०१० मध्ये तो बेत सोडावा लागला. तिसरा प्रकार सिरॅमिकचा. टिन किंवा टंगस्टनच्या ऑक्साइडचे नॅनोकण त्यात असतात. ते दिसणारा प्रकाश बराचसा जाऊ देतात आणि अवरक्त शोषून घेतात.

पुन्हा ते शंभर भाग घ्या. एक काळसर रंगाची फिल्म निम्मा दिसणारा प्रकाश आणि सगळे अतिनील किरण अडवते, अवरक्ताला हात लावत नाही, असं समजा. ती अडवते सत्तावीस-अठ्ठावीस भाग. दुसरी फिकट फिल्म ७० टक्के प्रकाश आत सोडते, पण अतिनील सगळे आणि अवरक्तातले ८० टक्के अडवते. ती अडवते अठ्ठावन्न-एकोणसाठ भाग. शोषलेल्या उष्णतेतली काही आत झिरपते, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक इतका राहणार नाही, पण दिशा तीच. फिकट दिसणारी फिल्म गडद फिल्मपेक्षा जास्त थंड ठेवू शकते, आणि डोळ्यांनी बघून हे कुणालाच सांगता येणार नाही.

फिल्म मारणाऱ्या दुकानात लाल दिव्यासमोर हात धरायला लावतात, त्यावर मात्र भुलू नका. त्या दिव्यात अवरक्ताचं प्रमाण उन्हातल्यापेक्षा खूप जास्त असतं, म्हणून फरक फुगून दिसतो. ‘९५ टक्के आयआर’ हा आकडाही पुष्कळदा एकाच तरंगलांबीवर मोजलेला असतो. विचारायचं ते एकूण सौरऊर्जेपैकी किती अडते.

कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० पुरेसा स्पष्ट आहे. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २०१२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर फिल्म चिकटवायलाच मनाई केली आणि सूट ठेवली ती झेड व झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना. पुढे नियमात दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२१ पासून प्लास्टिकचा थर असलेल्या ‘सेफ्टी ग्लेझिंग’ला जागा मिळाली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ७०-५० ची मर्यादा पाळणारी फिल्म चालेल असा निकाल दिला. तो महाराष्ट्रावर आपोआप बंधनकारक नाही. पण त्यातला विचार मला पटतो, कारण तो मोजता येणाऱ्या गोष्टीवर उभा आहे.

इथे एक हिशेब लक्षात ठेवावा लागतो. काच आणि फिल्म यांचे टक्के वजा होत नाहीत, गुणले जातात. मूळ काच ७५ टक्के प्रकाश सोडत असेल आणि तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म मारली, तर उरतात साडेबावन्न. बाजूच्या काचेला ते नियमात बसतं. समोरच्या काचेवर मात्र ९० टक्क्यांची, जवळजवळ पाण्यासारखी फिल्म मारली तरी साडेसदुसष्ट होतात आणि नियम मोडतो. समोरची काच सोडूनच द्यावी, तिच्यातला पापुद्रा अतिनीलचं काम करतोच आहे.

ही मर्यादा खाली आणा, असं मी म्हणत नाही. ज्या काचेतून वीस टक्के प्रकाश येतो अशी काच रात्री घातक आहे. गळीत हंगामात शिरोळ-कागलच्या रस्त्यांवर मागचे दिवे नसलेल्या ऊसाच्या ट्रॉल्या चालतात. वळणावर बाजूच्या काचेतून ती ट्रॉली वेळेत दिसली नाही तर पुढे काय होतं हे या जिल्ह्याला सांगायची गरज नाही. वयाचाही यात भाग आहे. साठीतल्या माणसाच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच असतो, बाहुली आक्रसते आणि भिंग पिवळट होतं म्हणून. त्याच्या गाडीला काळी काच म्हणजे आधीच कमी असलेल्या उजेडावर पुन्हा पडदा. रस्ता ओलांडणाऱ्याला चालकाचे डोळे दिसले पाहिजेत, पोलिसांना आत कोण आहे ते दिसलं पाहिजे, हेही मला मान्य आहे. पन्नास टक्क्यांची मर्यादा नेमकी याचसाठी आहे.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. पुढच्या बाजूच्या काचांना कॅलिफोर्निया ७० टक्के मागतं, फ्लोरिडाला २८ चालतात, आणि दोन्ही राज्यं उन्हाची. सीमा ओलांडली की तीच काच गुन्हा ठरते. कोल्हापूरची माणसं आज निपाणी-बेळगावला, उद्या गोव्याला जातात. इथे प्रत्येक राज्याने आपली वेगळी काच ठरवली तर कर्नाटकच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापलीकडे आपली गाडी बेकायदा होईल.

मला हवा आहे तो टिंट मीटर. काचेच्या दोन बाजूंना दोन भाग धरायचे, एकातून प्रकाश सोडायचा, दुसऱ्याने मोजायचा. काही सेकंदांत टक्के दिसतात. प्रत्येक तपासणी पथकाकडे तो असावा, वेळोवेळी तपासून घेतलेला असावा, आणि दंडाच्या पावतीवर त्यावरचा आकडा लिहिलेला असावा. आकडा पन्नासच्या खाली असेल तर जरूर दंड करा, फिल्म जागेवर उतरवा. वर असेल तर ती काच अतिनील किती अडवते, अवरक्त किती, यात कायद्याला अडचण वाटण्याचं कारणच नाही.

दोन वर्षांपूर्वी ताईने बाजूच्या काचांवर अतिनील अडवणारी बिनरंगी फिल्म मारून घेतली होती. परगावी एका नाक्यावर तिला थांबवलं. हवालदाराने काचेच्या कडेला नखाने चाचपलं आणि म्हणाला, “मॅडम, फिल्म आहे ना? मग काढायची.” तिने आजाराचे कागद दाखवले, आतलं सगळं दिसतंय हेही दाखवलं. शेवटी तिथेच, मेच्या दुपारी, तिने आणि मी ब्लेडने फिल्म खरवडून काढली. फिल्म मारली त्या दिवशी दुकानदाराने मीटर लावून मोजलं होतं. काच आणि फिल्म मिळून आकडा आला होता ६८ टक्के.