दाताची कॅप: तात्पुरती आणि कायमची

रूट कॅनाल झालं, म्हणजे दाताची नस काढून झाली, दात घासून बारीक केला, माप घेतलं आणि डॉक्टरांनी कॅप घालून घरी पाठवलं. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावून ती काढली आणि दुसरी बसवली. आरशात दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात, त्यामुळे इंदूरच्या आपल्या घरांत पथ्यांची हमखास अदलाबदल होते. तात्पुरतीला "निघणारच आहे ती" म्हणून कुणी विचारत नाही, आणि कायमची बसली की "आता हा दात किडायचा नाही" म्हणून ब्रश त्या कोपऱ्यात जायचाच बंद होतो.

तात्पुरती कॅप बहुधा ॲक्रिलिकची असते आणि तिचं सिमेंट मुद्दाम कच्चं ठेवतात, कारण डॉक्टरांना ती सहज उचलता आली पाहिजे. पण डॉक्टरांना सहज निघते ती गजकलाही सहज निघते. संक्रांतीच्या आगेमागे कॅप लावली असेल तर चिक्की, तिळाचा कडक लाडू, च्युइंगम हे सगळं बंद. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत जायला हरकत नाही. दहीवडा, भुट्ट्याचा कीस निवांत खा, गराडू, म्हणजे तो तळलेला कंद, मात्र दुसऱ्या बाजूने. सकाळचे पोहेही चालतील, वरची जाड शेव तेवढी कमी घ्या. हळदीने ही कॅप दोन दिवसांत पिवळसर होते. तिचं मनावर घेऊ नका, ती जायचीच आहे.

फ्लॉस करताना, म्हणजे दोऱ्याने दातांच्या फटी साफ करताना, दोरा वर ओढून काढायचा नाही, कॅप त्याच्याबरोबर येते. एका बाजूने सरकवून बाहेर घ्यायचा. एवढी एक सवय सांभाळली तरी अर्धं काम होतं.

आणि निघालीच तर? रूट कॅनाल झालेला दात दुखत नाही, म्हणून लोक "अपॉइंटमेंट तर पुढच्या आठवड्यात आहेच" म्हणत बसून राहतात. त्या मोकळ्या जागेत शेजारचे दात किंचित सरकतात, समोरचा दात खाली-वर होतो, आणि लॅबमधून मापाने बनून आलेली कायमची कॅप बसेनाशी होते. म्हणून त्याच दिवशी फोन करा. फेविक्विकने चिकटवण्याचे प्रयोग करू नयेत, हे सांगावं लागतं याचंच नवल वाटतं. सैल कॅप तोंडात ठेवून झोपूही नका, ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

कायमची कॅप झिर्कोनियाची किंवा धातूवर सिरॅमिक चढवलेली, सिमेंटही पक्कं. पहिला दिवस मऊ खायचं, बधिरपणा उतरेपर्यंत तर काहीच चावायचं नाही, नाहीतर गालच चावला जातो. त्या बधिर तोंडाने रंगीत कागद चावून घेतलेला कॅपच्या उंचीचा अंदाज कधीकधी चुकतो. दुसऱ्या दिवशी पोळीचा घास चावताना तोच दात आधी टेकतोय असं वाटलं, तर "बसेल हळूहळू" म्हणू नका. उंच राहिलेली कॅप दाताच्या मुळाभोवती दुखणं आणते. नस काढलेली असली तरी चावताना कळ येते. डॉक्टर दोन मिनिटांत ती जागा घासून देतात.

खरी काळजी मात्र कडेची, म्हणजे जिथे कॅप संपते आणि हिरडीजवळ आपला दात सुरू होतो तिथली. आमच्या शेजारच्या मावशी विचारतात, "अगं, कॅपला कसली कीड लागणार?" खरंच, कॅपला लागत नाही, मावशी, खालच्या दाताला लागते. आणि नस नसल्यामुळे तो ओरडतही नाही. कॅप हलायला लागेल तेव्हाच कळतं, तोवर आत बरंच पोखरलेलं असतं. म्हणून ब्रश हिरडीच्या कडेला टेकवून हळुवार, मंजन खरखरीत नको, आणि फ्लॉस रोज. इथे दोरा नेहमीसारखा वर काढला तरी चालतो.

सुपारी आणि बर्फ दातांनी फोडणं दोन्ही कॅपना वर्ज्य; सिरॅमिकचा टवका उडाला की तो पुन्हा उगवत नाही. झोपेत दात खाणाऱ्यांनी नाइट गार्डचं, म्हणजे रात्री दातांवर चढवायच्या कवचाचं, डॉक्टरांना आपणहून विचारावं.

नस जिवंत ठेवून कॅप लावली असेल तर थंड शिकंजीने काही दिवस झिणझिण्या येणं नेहमीचंच आहे. ठणका वाढत चालला, रात्री झोपमोड व्हायला लागली किंवा सूज आली, तर थांबू नये.

कायमची कॅप कधी निघून हातात आली तर टाकून देऊ नका. डबीत घालून दवाखान्यात न्या. आतला दात धड असेल आणि कॅप फुटलेली नसेल, तर बऱ्याचदा तीच पुन्हा बसते आणि नव्या कॅपचा खर्च वाचतो.