पोट लहान झालं म्हणजे काहीही खाल्लेलं चालतं?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: पोटच लहान केलंय, जाऊन जाऊन जाणार किती? मग काहीही खा. हे साफ चूक आहे, आणि यात माणसाचं खरंच नुकसान होतं.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरलेल्या जागेत मावतं थोडं, पण शरीराची प्रथिनांची गरज तेवढीच राहते. बहुतेकांना दिवसाला 60 ते 80 ग्रॅम लागतात. म्हणून ताटात अंडं, मासे, दही किंवा शिजवलेलं कडधान्य असेल तर पहिला घास त्याचाच. मग भाजी. भात-पोळी शेवटी, जागा उरली तरच. उलट क्रमाने जेवलात तर चार घासांत पोट भरतं आणि प्रथिनं ताटातच राहतात. स्नायू झिजतात, केस गळतात.

आइस्क्रीम, मिल्कशेक मात्र सहज खाली उतरतात, अडत नाहीत. वजन परत चढतं ते बऱ्याचदा इथूनच. गॅस्ट्रिक बायपास (वजन कमी करण्याचीच दुसरी शस्त्रक्रिया, हृदयाची नव्हे) झालेल्यांना तर गोड खाल्ल्यावर धडधड, घाम, जुलाब असा त्रासही होऊ शकतो.

पाणी जेवताना नको. जेवणानंतर अर्ध्या तासाने, घोट घोट.

आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद करू नका. त्या आयुष्यभराच्या आहेत. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. उलट्या थांबतच नसतील तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठा, कारण बी-1 जीवनसत्त्व झपाट्याने घटतं आणि मज्जातंतूंना इजा होऊ शकते.