‘लेग डे’च्या आधी: औंध, मिरज आणि तालमीतली मेहनत

सोमवारी संध्याकाळी सांगलीत विश्रामबागला किंवा साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास कुठल्याही जिममध्ये डोकावा. बेंच प्रेसपुढे (आडवं पडून छातीवरून वजन रेटायचा बाक) रांग लागलेली असते आणि कोपऱ्यातला स्क्वॅट रॅक (खांद्यावर वजन घेऊन बैठका मारायची जागा) मोकळा. सोमवार छातीचा, मंगळवार पाठीचा, मग खांदे, मग ‘बाय-ट्राय’ म्हणजे दंडाची पुढची-मागची बाजू, आणि पायांच्या वाट्याला शनिवार. शनिवारी नेमकं कुणाचं तरी लग्न निघतं, नाहीतर गावी जायचं असतं. वर्षभरात छाती आणि दंड भरतात, मांड्या होत्या तिथेच राहतात आणि खांदे पुढे झुकायला लागतात.

एकेका दिवशी एकेक स्नायूगट ही पद्धत तशी अलीकडची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतले नामांकित शरीरसौष्ठवपटूही बहुतेक आठवड्यातून तीनदा, दर वेळी सगळ्या अंगाचा व्यायाम करत. १९४७ चा ‘मिस्टर अमेरिका’ स्टीव्ह रीव्ह्ज याच वळणाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर स्पर्धा वाढल्या, ‘जो वीडर’ या अमेरिकेतल्या प्रकाशकाच्या मासिकांनी विभागून व्यायाम करण्याची चाल जगभर नेली, आणि आपल्याकडे मशीनवाल्या जिम आल्या तेव्हा तेच वेळापत्रक भिंतीवर चिकटलं. ते बेतलेलं होतं स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी. ते सहा-सहा दिवस घाम गाळतात, आणि मंचावर पोटऱ्यांनाही गुण असल्यामुळे पायांचा दिवस चुकवणं त्यांना परवडत नाही. आठवड्याला जेमतेम चार दिवस येणाऱ्या नोकरदाराने ते जसंच्या तसं उचललं, की कात्री लागते ती पायांना आणि पाठीला.

सगळं शरीर सारखं कमवावं हा विचार मात्र जुना आहे, आणि त्याचा एक धागा थेट सातारा जिल्ह्यात येतो. १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये युजेन सँडो या त्या काळच्या नामांकित शरीरसौष्ठवपटूने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षकांत स्वतः सँडो, शिल्पकार चार्ल्स लॉज आणि लेखक आर्थर कॉनन डॉयल होते. नुसता दंड फुगवून तिथे भागणार नव्हतं. एकूण वाढीबरोबर ती वाढ सर्वांगाला सारखी आहे का, हा परीक्षणाचा वेगळा निकष होता. शिवाय तब्येत आणि त्वचासुद्धा बघितली जाणार होती. सँडोची पुस्तकं आणि डंबेल्स तोवर हिंदुस्थानात पोचली होती, आणि पुढे १९०४-०५ च्या सुमाराला तो स्वतःही इकडे दौऱ्यावर येऊन गेला.

सँडोचं पुस्तक आणि साहित्य मागवणाऱ्यांत साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी होते. १८९७ मध्ये त्यांनी ते घेतलं आणि दहा वर्षं नेमाने त्याबरहुकूम व्यायाम केला. १९०८ मध्ये मिरजेचे अधिपती बाळासाहेब यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले. पुढच्याच वर्षी ते औंधच्या गादीवर आले आणि मग राजाचा नेम हा संस्थानाचा नेम झाला. शाळांतून नमस्कार सुरू झाले. राणीसाहेबही नमस्कार घालत. तालमीत बायकांना पाऊल टाकता येत नसे त्या काळातली ही गोष्ट, म्हणून मला ती जास्त महत्त्वाची वाटते. १९३८ मध्ये भवानरावांची पद्धत सांगणारं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं. म्हणजे लंडनहून डंबेल्स औंधला आले आणि चाळीसेक वर्षांनी औंधहून नमस्कार लंडनला गेला.

आता हा नमस्कार स्नायूंच्या हिशेबाने पाहू. औंधच्या क्रमात दहा आकडे, म्हणजे एकामागून एक दहा स्थिती. वाकून तळवे जमिनीला टेकवताना मांडीची मागची बाजू ताणली जाते. पाय मागे गेला की कमरेचा सांधा उघडतो. दोन्ही पाय मागे नेऊन अंग हातांवर तोललं की खांदे, दंडाची मागची बाजू आणि पोट कामाला लागतं. साष्टांगात छाती, मान वर उचलली की कण्यालगतचे स्नायू, ढुंगण वर नेलं की पुन्हा खांदे आणि पोटऱ्या. एका नमस्कारात डावा पाय मागे, पुढच्यात उजवा, त्यामुळे डाव्या-उजव्याचा हिशेब आपोआप चुकता होतो. इतक्या थोड्या जागेत, एका पैशाचं साहित्य न घेता, सर्वांगाला इतकं पुरून उरणारं दुसरं काही सांगणं अवघड आहे.

तरी त्यात एक उणीव आहेच, औंधच्या भक्तांना रुचो न रुचो. नमस्कारात रेटणं आहे, वाकणं आहे, ताणणं आहे, ओढणं नाही. हाताने काही तरी अंगाकडे खेचायचं, म्हणजे पाठीचे रुंद स्नायू, खांद्याची मागची बाजू आणि दंडाची पुढची बाजू यांचं काम, ते दहाही आकड्यांत कुठे येत नाही.

तालमीत ते ठासून होतं. जोर आणि बैठका सगळ्यांना ठाऊक असतात, पण खरी मेहनत बघायची तर पहाटे हौद उकरताना बघावी. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मुरवलेली माती रात्रीत बसलेली असते. पाय फाकून, कंबरेत वाकून पोरगं फावडं वर उचलतं, मातीत घालतं आणि ढेकूळ स्वतःकडे ओढतं. एक बाजू भरून आली की मूठ बदलून दुसऱ्या बाजूने. माती उकरून झाली की ती सपाट करायला फळीवर एक-दोन पोरं बसवायची आणि दोराने फळी ओढायची. हे सगळं लढतीच्या आधी. शिवाय दोर चढणं, मल्लखांब, खांद्यामागून फिरणारे मुद्गल आणि समोर तुम्हाला खाली खेचायला टपलेला जोडीदार. ‘आज फक्त छाती’ म्हणून वस्तादापुढे उभं राहायची कुणाची छाती नव्हती.

याच मातीतले मल्ल पुढे जगापुढे गेले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेट गटात कांस्यपदक घेऊन आले. त्यांचा हातखंडा डाव ढाक. मानेला विळखा घालून प्रतिस्पर्ध्याला खाली आणायचं, तर हाताची ओढ, कमरेचा फिरका आणि पायांचा रेटा एका दमात लागतो. यातलं एक कच्चं असलं तर डाव अंगावर येतो. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० चे हिंदकेसरी, कवठेपिरानचे मारुती माने १९६४ चे.

म्हणून तालमीला सगळं कळत होतं असं नाही. हजारात बैठका मोजण्याच्या हौसेने कित्येकांचे गुडघे वाजले, आणि कुस्ती सुटल्यावर खुराक न सुटल्याने पोटं सुटली. तिथला समतोल आरशासाठी नव्हता, लढतीची गरज म्हणून येत होता. वजन उचलण्याच्या खेळातही तेच. सांगलीचा संकेत सरगर २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅचला (वजन एका झटक्यात डोक्यावर) ११३ आणि क्लीन अँड जर्कला (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५, असे २४८ किलो उचलून रौप्यपदक घेऊन आला. सुवर्ण एका किलोने हुकलं. यातला प्रत्येक किलो पाय, पाठ आणि खांदे मिळून उचलतात.

आज ‘सगळ्या स्नायूंना सारखं’ म्हणताना जिममधली मुलं दर गटाला सारखे सेट मोजतात, आणि तिथे गणित फसतं. बेंच प्रेसमध्ये दंडाची मागची बाजू राबतेच, रोइंगमध्ये, म्हणजे वजन अंगाकडे ओढताना, पुढची. वर त्यांचे वेगळे सेट धरले की दंडाला दुप्पट काम आणि मांडीला निम्मं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितलेला किमान हिशेब साधा आहे: आठवड्यातून दोन किंवा जास्त दिवस, सगळ्या मोठ्या स्नायूगटांना ताकदीचा व्यायाम. चार दिवस मिळत असतील तर दोन दिवस वरचं अंग आणि दोन दिवस खालचं. तीनच मिळत असतील तर तिन्ही दिवस सर्वांग. जेवढं रेटाल तेवढं ओढा, आणि छाती फार पुढे गेलेली असेल तर काही महिने ओढणं जास्त ठेवा. घरीच नमस्कार घालणाऱ्यांना एक मजबूत आडवी दांडी किंवा दोर पुरतो. नमस्कार झाले की त्याला लोंबकळायचं आणि हळूहळू अंग वर खेचायला शिकायचं.