एडीएचडी: आनुवंशिकता ७४ टक्के, तरी एकच जनुक का सापडत नाही?

डेन्मार्कमध्ये बाळ जन्मलं की थोड्याच दिवसांत त्याच्या टाचेला टोचून रक्ताचे काही थेंब गाळण कागदावर घेतात. जन्मजात आजारांची तपासणी झाली तरी तो कागद टाकून देत नाहीत, शीतगृहात जपून ठेवतात. पुढे बऱ्याच वर्षांनी संशोधकांनी त्याच वाळलेल्या डागांतून ३.२ मिलिमीटरच्या दोन इवल्या चकत्या कापल्या आणि त्यांतून डीएनए काढला. ज्यांना पुढे एडीएचडीचं (लक्ष न लागणं, अतिचंचलता आणि उतावीळपणा या विकाराचं) निदान झालं आणि ज्यांना झालं नाही, त्यांचा डीएनए ताडून पाहिला. त्यात इतर देशांतली माहिती मिळवून २०२३ मध्ये निष्कर्ष छापले गेले. एडीएचडी असलेले ३८,६९१ आणि नसलेले १,८६,८४३ लोक तपासल्यावर जीनोममध्ये, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएमध्ये, या विकाराशी संबंध असलेल्या २७ जागा सापडल्या.

हा विकार घराण्यातून येतो, हे मात्र त्याआधीच पक्कं झालं होतं. एकसारख्या जुळ्यांचा डीएनए जवळपास सारखाच असतो, तर वेगळ्या जुळ्यांचा सरासरी निम्मा. घर तेच, आई-वडील तेच. तरीही एकसारख्या जुळ्यांमध्ये लक्ष न लागणं, चुळबुळ, उतावीळपणा यांचं साम्य कितीतरी जास्त दिसतं. अशा ३७ अभ्यासांची सरासरी काढली तर आनुवंशिकता ७४ टक्के येते. दत्तक मुलांकडूनही तेच कळलं. जन्मदात्यांकडेच वाढणाऱ्या एडीएचडी असलेल्या मुलांच्या पालकांत तो १८ टक्के आढळला, तर असा त्रास असलेल्या दत्तक मुलांना वाढवणाऱ्या पालकांत ६ टक्के. खाण तशी माती म्हणतात ते इथे बरंचसं खरं आहे.

पण ७४ टक्क्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ‘माझ्या मुलाचा त्रास ७४ टक्के जनुकांमुळे आणि २६ टक्के घरामुळे’ असा तो नाही. लोकसंख्येत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती वाटा जनुकीय फरकांचा आहे, एवढंच हा आकडा सांगतो. एकट्या मुलाला तो लावता येत नाही. एकसारख्या जुळ्यांतही एकाला एडीएचडी आणि दुसऱ्याला नाही, असं घडतंच.

मग नेमकं जनुक कोणतं? नव्वदच्या दशकात सगळा रोख डोपामिनवर, म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या एका रसायनावर होता. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध मेंदूतल्या पेशींमधलं डोपामिन पुन्हा शोषून घेणारी वाहतूक अडवतं आणि त्याने मुलांना फरक पडतो. तेव्हा दोष डोपामिनच्याच जनुकांत असणार, असा तर्क होता. डीआरडी४ या डोपामिनशी संबंधित जनुकात डीएनएच्या ४८ अक्षरांचा एक तुकडा ओळीने अनेकदा येतो. तो सात वेळा येत असेल तर धोका थोडा वाढतो असं दिसलं आणि त्याचा फार गाजावाजा झाला. पण संपूर्ण जीनोम चाळल्यावर सापडलेल्या जागांच्या यादीत ही गाजलेली जनुकं नव्हती. औषध जिथे लागू पडतं तिथेच आजाराचं मूळ असतं असं नाही. ताप पॅरासिटामॉलने उतरतो, म्हणून तो पॅरासिटामॉल कमी पडल्याने येत नाही.

या जागांचा एकेकटा परिणाम अगदी थोडा असतो. समजा १०० मुलांमागे ५ जणांना हा त्रास आहे; तर असा एखादा बदल ते प्रमाण साडेपाचच्या आसपास नेईल. असे हजारो बदल मिळून धोका तयार होतो आणि ते आपल्या सगळ्यांतच कमी-अधिक असतात. त्यांतले बरेचसे नैराश्य, ऑटिझम आणि धूम्रपानाची सुरुवात यांच्याशीही जोडलेले आहेत.

धूम्रपानाचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. गरोदरपणी सिगारेट ओढणाऱ्या आईच्या मुलांत एडीएचडी जास्त दिसतो, म्हणून दोष सिगारेटला दिला गेला. स्वीडनमध्ये एकाच आईची मुलं ताडून पाहिली, एकाच्या वेळी ती ओढत होती आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, तेव्हा हा फरक जवळपास नाहीसा झाला. म्हणजे आईला व्यसनाकडे ओढणारी आणि मुलाचं चित्त थाऱ्यावर न ठेवणारी जनुकं बरीचशी तीच असावीत. (गर्भाची वाढ खुंटते, हे सिगारेटचं नुकसान उरतंच.)

धोका असा हजारो छोट्या बदलांतून तयार होतो, म्हणूनच ‘एडीएचडीची जनुकीय चाचणी’ म्हणून जे पॅकेज विकलं जातं, त्यावर पैसे घालवू नका. अशा अनेक बदलांची बेरीज करून काढलेले आजचे जनुकीय गुणांक मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेले आहेत. भारतीयांत ते आणखी चुकतात. निदान वागण्यावरूनच होतं: लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून, किमान सहा महिने, घर आणि शाळा अशा दोन तरी ठिकाणी. चाचणीला अर्थ असतो तो मुलाचा बौद्धिक विकास मागे असेल, फिट्स येत असतील किंवा जन्मतः हृदयदोष, टाळूचा दोष असेल तेव्हा. २२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांत एडीएचडी आढळतो. अशा वेळी क्रोमोसोमल मायक्रोॲरे, म्हणजे गुणसूत्रांचे गळालेले किंवा जास्तीचे तुकडे शोधणारी चाचणी, करायला डॉक्टर सांगतात.

बाकी बहुतेक घरांत जास्त उपयोगी पडतं ते आई-वडिलांचं जुनं प्रगतिपुस्तक. ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते’ असा शेरा इयत्तेमागून इयत्ता दिसत असेल तर तो मुलाच्या डॉक्टरांना दाखवा. उपचारात पालकांना ठरलेल्या वेळा पाळायला, मुलाच्या वागण्याचा तक्ता भरायला, लगेच शाबासकी द्यायला शिकवतात, आणि स्वतः पालकालाच हा त्रास असेल तर नेमकं तेच जमत नाही. तक्ता चौथ्या दिवशी कोरा राहतो आणि आळसाचा ठपका त्या आईवर किंवा वडिलांवर येतो. अशा वेळी त्यांचीही तपासणी करून घ्यावी, पाच नियमांऐवजी एकाच नियमाने सुरुवात करावी, आणि आठवणीचं काम फोनच्या गजरावर सोपवावं.