टकळीचे शिक्षण आणि वेल्डिंगचे प्रशिक्षण

मुलांच्या हाती अवजार दिसले की त्याला सरसकट ‘व्यवसाय शिक्षण’ म्हणण्याची सवय शिक्षकांना, स्वयंसेवी संस्थांना आणि त्यांना निधी देणाऱ्यांनाही जडली आहे. वस्तुतः या नावाखाली दोन निरनिराळी कामे चालतात: एकात उद्योग हे शिकण्याचे साधन असते, दुसऱ्यात उद्योग हाती येणे हेच साध्य असते.

पहिल्याचे मूळ वर्ध्याचे. ऑक्टोबर १९३७ मध्ये तेथील शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या कल्पनेला झाकिर हुसेन समितीने अभ्यासक्रमाचे रूप दिले. तीच नई तालीम. साडेपाच तासांच्या शाळेतले ३ तास २० मिनिटे समितीने मूलोद्योगाला, म्हणजे ज्याच्याभोवती सारे शिक्षण गुंफायचे त्या हस्तोद्योगाला, दिली होती. एवढ्यावरून ही विणकर घडवण्याची शाळा वाटेल, पण टकळीवर सूत काढणाऱ्या मुलाकडून अपेक्षा वेगळीच होती. सुताचा अंक, म्हणजे त्याच्या बारीकपणाचे माप, काढायचा तर लांबीला वजनाने भागावे लागते, म्हणजे भागाकार आला. कापूस काळ्या जमिनीत का चांगला येतो, हे विचारले की भूगोल आला. आणि इथला कापूस मँचेस्टरला जाऊन कापड होऊन परत का येत असे, या प्रश्नापाशी इतिहास सुरू होतो. मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, ही गांधीजींची अपेक्षा मात्र मला जोखमीची वाटते. आर्थिक बाजूवर जोर पडून शैक्षणिक हेतू मागे पडण्याचा धोका समितीनेच आपल्या अहवालात नोंदवला होता.

आयटीआयमध्ये क्रम उलटा असतो. वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा, फिटरचा दोन वर्षांचा. हात रेंगाळला आणि पातळ पत्र्याला भोक पडले, तर प्रशिक्षक तो जॉब, म्हणजे करायला दिलेली वस्तू, पुन्हा करायला लावतो, कारण कारखान्यात असा जॉब रिजेक्टच होणार. तेथेही अभ्यासक्रमात ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन अँड सायन्स’ हा भाग आहे, पण गणित शिकवायचे ते कामाला लागेल तेवढे. यात कमीपणा काही नाही. त्या मुलाला लवकर कमवायचे असते.

दोन्हींची गल्लत झाली की काय होते, ते आमच्या शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला पाहिले. वर्षानुवर्षे क्रेप कागदाची फुले झाली; त्यातून ना हात तयार झाला, ना कुणी कागदाचे क्षेत्रफळ मोजले.

सर्वांत फसवे उदाहरण पाबळचे आहे. पुणे जिल्ह्यातील या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्याच्या शालेय कार्यक्रमात मुले आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम करतात, त्यात वेल्डिंगही येते. म्हणून पाहणारे त्याला व्यवसाय प्रशिक्षण समजतात. परंतु तेच मूल अभियांत्रिकी, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य या चारही विभागांतून फिरते, यावरूनच हे टकळीच्या कुळातले शिक्षण आहे हे कळते. त्यातल्या एखाद्याला पुढे वेल्डरच व्हायचे असेल, तर आयटीआयचे ते एक वर्ष त्याला वेगळे काढावेच लागते.