शाळादुरुस्तीचं अनुदान आणि 'निर्लेखन': पार्श्वभूमी

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला, तेव्हा त्यांच्या वाट्याला लोकल बोर्डाच्या, म्हणजे आधीच्या स्थानिक संस्थांच्या, काळातल्या शाळाही आल्या. दगडमातीच्या भिंती, लाकडी वासे, वर कौलं. दुरुस्ती म्हणजे मृगाआधीची शाकारणी.

दुरुस्तीसाठी दरवर्षी हमखास मिळणारी रक्कम केंद्राच्या सर्व शिक्षा अभियानात आली: तीन खोल्यांपर्यंतच्या शाळेला 5,000 रुपये, त्याहून मोठ्या शाळेला 10,000 पर्यंत. पैसा तुटपुंजा होता, पण हिशेब खोल्यांचा होता. 2018 मध्ये त्या अभियानाच्या जागी समग्र शिक्षा योजना आली आणि दुरुस्तीसह शाळेची छोटी अनुदानं मिळून एकच संयुक्त शाळा अनुदान झालं. ते पटावर ठरतं. आता 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10,000 रुपये. त्यातच वीजबिल, स्वच्छता, खडू आणि छपरही. पट घटला म्हणून पाऊस कमी पडत नाही. वाडीवस्तीवरच्या शाळांवर हा सरळ अन्याय आहे.

मोठ्या कामाची वाट वेगळी. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, अभियंत्याचं अंदाजपत्रक, मग जिल्हा वार्षिक योजनेतल्या तरतुदीची वाट पाहणं. इथेच 'निर्लेखन' आडवं येतं. खोली दुरुस्तीपलीकडे गेल्याचा तांत्रिक अहवाल आला की ती मालमत्तेच्या नोंदीतून कमी करून पाडायची, एवढाच या शब्दाचा अर्थ. गावात मात्र 'निर्लेखन झालं' म्हणजे 'नवी खोली मंजूर झाली' असं धरून चालतात. नव्या बांधकामाचा निधी हा स्वतंत्र प्रस्ताव असतो, आणि तो कधी येईल हे पाडण्याच्या आदेशात लिहिलेलं नसतं. त्यामुळे मुख्याध्यापकांची कोंडी होते: निर्लेखनाला पाठवलं तर त्या खोलीच्या दुरुस्तीचा पैसा संपला, न पाठवावं तर मुलं त्याच छपराखाली.

ऑगस्ट 2017 मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात निंबोडीच्या शाळेचं छत कोसळलं, तीन मुलं गेली. त्यानंतर जिल्ह्यात धोकादायक खोल्या पाडण्याला वेग आला. तो यायलाच हवा होता. पण बांधकाम त्या वेगाने झालं नाही.

मी पाहिलेल्या एका शाळेत खोलीच्या दाराला तार गुंडाळलेली होती, भिंतीवर लाल रंगात 'धोकादायक'. तिसरी-चौथीचा वर्ग मारुतीच्या देवळात भरत होता. दुपारी ऊन आत आलं की मुलं दप्तरांसकट गाभाऱ्याकडे सरकत, आणि कोणी नारळ फोडायला आलं की बाई पाढे थांबवत.