लहान मुलांचं टेनिस: रॅकेटच्या आधी चेंडू बदला

सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण ११५ सेंटिमीटर. नेहमीचा पिवळा चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून सोडला, तर नियमानुसार तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. म्हणजे मुलाच्या डोक्यावरून! तो गाठायला मूल मागे पळतं किंवा हात उंचावून रॅकेट कशीबशी लावतं. त्यात हळूहळू तळवा रॅकेटच्या मुठीच्या (दांड्याच्या) खाली सरकतो. ही पकड एकदा अंगवळणी पडली, की पुढे सर्व्हिस आणि व्हॉलीला (टप्पा पडण्याआधीच मारायच्या फटक्याला) अडते आणि मोडायला फार वेळ घेते. दोष मुलाचा नसतो, चेंडूचा असतो.

लहान मुलांसाठीचा लाल चेंडू त्याच उंचीवरून जेमतेम ९० ते १०५ सेंटिमीटर उसळतो. तो हलका आणि आकाराने मोठा असल्यामुळे हवेचा रोधही त्याला जास्त जाणवतो. टप्पा पडल्यावर तो कमरेच्या आसपास येतो आणि मुलाला पाय लावून उभं राहायला वेळ मिळतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत पिवळा चेंडू बंद केला, तो याच कारणाने. लालनंतर नारिंगी, मग हिरवा असा क्रम आहे. झिजलेला पिवळा चेंडू मात्र पर्याय नव्हे: तो कमी उसळतो खरा, पण लव गेल्यामुळे हवेतून वेगाने येतो.

लाल चेंडूने खेळायचं कोर्ट सुमारे ११ मीटर लांब, जाळी ८० सेंटिमीटर उंच. सोसायटीतलं बॅडमिंटन कोर्ट १३.४ बाय ६.१ मीटरचं असतं, ते अगदी पुरतं. दोन खुर्च्यांना दोरी बांधा, झाली जाळी.

रॅकेट पाच-सहा वर्षांला १९ किंवा २१ इंची, सात-आठला २३ इंची. हात सरळ खाली सोडून रॅकेट धरली, की टोक जमिनीला जेमतेम टेकावं. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी घेऊ नका. लांब रॅकेट मनगटाला जड जाते, मग मूल ती मुठीच्या वर, मध्यावर धरतं.

सुरुवात रॅकेटशिवाय करा. तीन-चार पावलांवरून चेंडू खालून टाका, एक टप्पा पडू द्या, मुलाने दोन्ही हातांनी झेलावा. टप्प्याचा अंदाज इथेच बसतो, आणि हे जमल्याशिवाय रॅकेट देण्याची घाई नको. मग जाळीपलीकडे सलग चार फटके, पुढे दहा. जोर किंवा ऐटबाज फॉलो-थ्रू (फटक्यानंतर रॅकेट पुढे नेणं) आत्ता मागू नका. सर्व्हिस खालून केली तरी चालते. गुण सात किंवा दहापर्यंत मोजा, मुलांना ते कळतं.

बारा मुलांची रांग लावून प्रशिक्षक एकेकाला चेंडू टाकतोय, हे दृश्य सर्रास दिसतं. त्यात मुलाचा बहुतेक वेळ उभं राहण्यात जातो. त्याऐवजी दोघादोघांच्या जोड्या करा. पूर्ण टेनिस कोर्टावर आडवी छोटी कोर्टं आखली, तर सगळ्यांना जागा होते.

मूल हलत्या पायांनी दहा फटक्यांची रॅली करू लागलं आणि सर्व्हिस बहुतेक वेळा आत पडू लागली, की नारिंगी चेंडू द्या, मग त्याचं वय सात असो की नऊ.